ताईच्या क्वार्टरच्या भिंती आणि दिल्लीतली लोधी कॉलनी

कोरांटी

दिल्लीत नातेवाईक असले की पाहायच्या ठिकाणांची यादी तेच तयार ठेवतात. लाल किल्ला, कुतुबमिनार, हुमायूनची कबर, जमलंच तर आग्रा. ताईची यादीही अशीच होती. आपण राहतो ती लोधी कॉलनी त्या यादीत घालावी असं तिला सुचलंही नव्हतं.

नाताळच्या सुट्टीत आम्ही तिच्याकडे गेलो होतो. सकाळी भाच्याबरोबर दूध आणायला बाहेर पडले. धुकं असं की समोरचा माणूस अंगावर आल्यावर कळावा. कोपऱ्यावर वळलो आणि समोर दुमजली भिंतभर पक्षी. निळे, केशरी, जांभळे, आणि एकेकाचा डोळा माझ्या डोक्याएवढा. मी विचारलं, "हे काय रे?" तो म्हणाला, "चित्र आहे." आणि दूध घ्यायला पुढे गेला.

दूध घरी पोचायला बराच उशीर झाला, कारण पुढच्या गल्लीत आणखी एक होतं, आणि त्याच्या पुढच्या गल्लीत आणखी एक.

नंतर भावोजींकडून आणि थोडं वाचून कळलं ते असं. खन्ना मार्केट आणि मेहरचंद मार्केट यांच्या मधल्या या सरकारी वसाहतीत आज पन्नासहून अधिक भित्तिचित्रं आहेत. 'स्टार्ट इंडिया फाउंडेशन' या संस्थेने २०१५-१६ च्या सुमारास इथे काम सुरू केलं. देशातले आणि बाहेरचे चित्रकार आणून एकेकाला एकेक भिंत दिली. ते पक्षी मेक्सिकोच्या सेंकोए या चित्रकाराचे. कॉलनी १९४० च्या दशकातली, इंग्रजांनी जाता जाता सरकारी नोकरांसाठी बांधलेली.

चित्रांसाठी हीच जागा का, हे चालताना आपोआप कळतं. इमारती बुटक्या, भिंती लांबलचक, मधोमध उंच कमान आणि दोन्ही बाजू आरशात पाहिल्यासारख्या सारख्या. समोर रुंद फुटपाथ आणि झाडं, त्यामुळे मागे सरकून अख्खं चित्र एका नजरेत घेता येतं. शिवाय सगळ्या भिंतींचा मालक एकच, म्हणजे सरकार. आपल्याकडच्या सोसायटीत जिन्याचा रंग ठरवायला तीन सर्वसाधारण सभा लागतात, तिथे असं काही उभं राहिलं असतं का?

मला सगळ्यात आवडली ती चित्रकारांनी भिंतीशी केलेली तडजोड. कमान, खिडकी, मीटरची पेटी, एसीचा डबा, यातलं काही हलवता येत नाही. म्हणून कुणी कमानीलाच चित्राचं तोंड केलंय, कुणी खिडकीभोवती पानं फिरवलीत. एका भिंतीवर पावसाच्या पाण्याचा पाइप बरोबर चित्राच्या मधून उतरतो. चित्रकाराने पाइपही रंगवून टाकला होता. पुढे कधीतरी त्याचा मधला तुकडा बदलला गेला, तो पांढराशुभ्र. खालून वर चढत गेलेली वेल हातभर गायब होते आणि वर पुन्हा सुरू होते.

आणि डाकूची भिंत! डाकू हे त्या कलाकाराचं टोपणनाव, खरं नाव तो सांगत नाही. त्याने भिंतीवर रंगाने काही लिहिलेलंच नाही. अक्षरं भिंतीतून काटकोनात बाहेर काढून बसवली आहेत. सकाळी धुक्यात पाहिलं तर नुसत्या पट्ट्या ठोकल्यासारख्या दिसल्या. दुपारी ऊन वरून आलं तेव्हा त्यांच्या सावल्या भिंतीवर पडल्या आणि इंग्रजी शब्द वाचता यायला लागले. ऊन सरकतं तशी अक्षरं तिरकी होतात, लांबतात आणि विरघळतात. माझी लेक तिथून हलायला तयार नव्हती.

गंमत म्हणजे ज्याच्या घरावर चित्र असतं त्याला ते दिसतच नाही. ताईच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर बाहेरून मोठं चित्र आहे, पण तिला रोज दिसतं ते समोरच्या ब्लॉकचं. समोरच्यांना तिचं. "आमची भिंत चांगली आहे असं लोक सांगतात," इतकंच तिचं म्हणणं.

पण काही चित्रं आता पार उतरली आहेत. लाल रंग गुलाबी झालाय, खालच्या भागाचे पोपडे निघालेत. ताई आणि भावोजींचा यावरून जेवताना वाद झाला. ती म्हणते पुन्हा रंगवायला हवीत. ते म्हणतात रस्त्यावरची चित्रं आहेत, जाणारच, नवीन येतील. तुम्हाला काय वाटतं? आणि पाहुणे म्हणून गेलेल्या गावात अशा भिंती अचानक भेटल्या असतील तर तेही सांगा.

टवाळ_टोळ

"चित्र आहे" आणि पुढे चालू लागला. भाच्याला कलासमीक्षक करा.

फोटो कुठायत?

जुना_दिल्लीकर

छान लिहिलंय. मी बारा वर्षं दिल्लीत काढली, म्हणून थोडी भर.

या सगळ्याची नांदी लोधीच्या आधीची. २०१४ साली आयटीओजवळच्या तेव्हाच्या पोलीस मुख्यालयावर गांधीजींचा सुमारे दीडशे फूट उंचीचा चेहरा रंगवला गेला. जर्मनीचा हेंड्रिक बायकिर्श आणि अनपू वर्की या दोघांनी काढलेला, पूर्ण काळ्या-पांढऱ्या छटांत. ऑफिसला जाताना सिग्नलला थांबलो की तो चेहरा एकेक पट्टी खाली उतरताना दिसायचा. पहिले काही दिवस कुणाचा आहे ते कळत नव्हतं. चष्मा आला आणि बसमधले सगळे एकदम बोलायला लागले. याच अनपू वर्कींची शाहपूर जाटमध्ये एक प्रचंड मांजर आहे, लोकरीच्या गुंड्याशी खेळणारी. गल्ली इतकी अरुंद की मांजर पाहायला मान मोडते.

हनीफ कुरेशींचं नाव या धाग्यात यायलाच हवं. स्टार्टच्या संस्थापकांपैकी एक, मूळचे गुजरातचे, बडोद्याला शिकलेले. ट्रकच्या मागची, दुकानांच्या पाट्यांवरची हाताने रंगवलेली अक्षरं संगणकावर फॉन्ट म्हणून जपायचा त्यांचा प्रकल्प होता. २०२४ मध्ये अगदी लवकर, चाळिशीतच गेले.

बाकी ताईंना एक प्रश्न विचारा: लग्नाआधीच्या फोटोंसाठी येणाऱ्या जोडप्यांचं काय करता?

कोरांटी

@जुना_दिल्लीकर, तो विषय काढलात की ताई तासभर बोलते! एक मुलगी लेहंगा घालून तिच्या पायरीवर बसली होती. ताईला गॅस सिलिंडर आत घ्यायचा होता. फोटोग्राफर म्हणाला, "आंटी, पाच मिनट." पाऊण तास झाला. शेवटी सिलिंडरवाला फोटोत आला तेव्हा उठले.

@टवाळ_टोळ, फोटो रात्री टाकते. धुक्यातले निम्मे नुसते राखाडी आलेत.

रंगारी

मी पाट्या आणि भिंती रंगवायचं काम करतो, वडिलांपासूनचा धंदा. चित्र "उतरतं" म्हणजे काय होतं ते सांगतो.

पहिला शत्रू ऊन. लाल, गुलाबी, पिवळा हे रंग सहसा आधी मरतात. निळा आणि काळा टिकतात, म्हणून जुनी चित्रं निळसर दिसायला लागतात. मातीचे रंग, म्हणजे गेरू आणि पिवडी, सर्वात चिवट. पण दुकानातल्या फ्लोरोसंट गुलाबीचा मोह कुणाला आवरतो? फोटोत तोच उठून दिसतो, आणि पहिल्या दोन उन्हाळ्यांत तोच जातो.

दुसरा शत्रू ओल, आणि हा जास्त वाईट. पोपडे वरून पाऊस पडल्यामुळेच येतात असं नाही. जुन्या विटांच्या भिंती खालून, जमिनीतून पाणी ओढतात. ते पाणी बाहेर येताना क्षार घेऊन येतं आणि रंगाला मागून ढकलतं. तुम्ही म्हणालात ना, पोपडे खालच्या भागात आहेत? तेच. अशा भिंतीवर टिकावं म्हणून जाड वॉर्निश मारलं तर पाणी कोंडतं आणि पापुद्रा आणखी लवकर सुटतो. हा सल्ला आम्ही देतो, गिऱ्हाईक ऐकत नाही.

चित्र मोठं कसं करतात हेही पुष्कळ लोक विचारतात. पूर्वी आम्ही छोट्या चित्रावर चौकटी आखायचो आणि खडूची दोरी ताणून भिंतीवर तेवढ्याच मोठ्या चौकटी पाडायचो. आताची पोरं भिंतीवर आधी वेड्यावाकड्या खुणा करतात, कुठे आकडा, कुठे फुली, कुठे मासा. मग भिंतीचा फोटो काढून मोबाइलवर त्यावर चित्र ठेवतात. माशाच्या शेपटीपाशी नाक, फुलीपाशी कान, असं बघत रंगवतात. मला आधी हसू आलं होतं, पण खडबडीत भिंतीवर, परांचीवर उभं राहून दोरी मारण्यापेक्षा हे फारच सोपं आहे. बूम लिफ्ट मिळाली तर स्वर्ग.

पुन्हा रंगवावं का? रंगवायचंच असेल तर ज्याने काढलं त्यानेच. दुसऱ्याने हात लावला की चेहरा बदलतो. गणपतीच्या मूर्तीचे डोळे दरवर्षी कोण रंगवतो यावर गाव भांडतं ते उगाच नाही.

डहाणूची_पोर

भावोजींना माझं मत. आमच्याकडे वारली भिंतींची गोष्ट हीच आहे. लग्नाचा चौक घराच्या आतल्या भिंतीवर काढतात, गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने. लग्न झालं, पावसाळा गेला, भिंत पुन्हा सारवली की चित्र गेलं. कुणी रडत नाही. पुढच्या लग्नाला पुन्हा चौक. चित्र टिकलं पाहिजे हा विचार कागद आणि कॅनव्हास आल्यानंतरचा. जिव्या सोमा मशे यांनी ते कागदावर नेलं म्हणून जगाला दिसलं, त्यांना २०११ ला पद्मश्री मिळाली, सगळं खरं. पण भिंतीवरचं मूळ काम जायच्या बोलीवरच केलेलं असतं.

आजी_परदेशी

लेकीकडे फिलाडेल्फियाला येऊन राहते अधूनमधून, म्हणून लिहितेय. नातवंडं शाळेत गेली की म्हातारीला दिवस खायला उठतो. जावई म्हणाले, "आई, ट्रेनने फिरून या."

विमानतळावरून गाडीने बाहेर पडलं की पार्किंगच्या इमारतींवर नाचणारी माणसं रंगवलेली दिसतात, मैलभर वाटावीत अशी. मला वाटलं कसली तरी जाहिरात. लेक म्हणाली, "हे इथलंच." या शहरात १९८४ पासून भित्तिचित्रांचा सरकारी कार्यक्रम चालू आहे. सुरुवात झाली ती भिंती खराब करणाऱ्या पोरांना आवर घालायला. जेन गोल्डन या बाईंनी त्या पोरांच्याच हातात ब्रश दिला. आज शहरात अशी हजारो चित्रं आहेत.

माझा लाडका भाग म्हणजे मार्केट स्ट्रीटवरून उंच पुलावर धावणारी ट्रेन. पश्चिमेकडे ४५ व्या रस्त्यापासून ६३ व्या रस्त्यापर्यंत खिडकीत बसायचं. गच्च्यांच्या भिंतींवर एक प्रेमपत्र लिहिलंय, तुकड्यातुकड्यांत, पन्नास भिंतींवर! स्टीव्ह पॉवर्स नावाच्या चित्रकाराने २००९ मध्ये केलेलं. रस्त्यावरून चालणाऱ्याला त्यातलं फारसं काही दिसत नाही, ते ट्रेनमधल्यांसाठीच आहे. मी दोन्ही बाजूंनी जाऊन आले, एकाच तिकिटात, उतरलेच नाही.

रंगारी दादांना आवडेल असं एक सांगते. इथे पुष्कळ चित्रं भिंतीवर रंगवतच नाहीत. पॅराशूटसारख्या पातळ कापडाच्या पाच-पाच फुटांच्या चौकोनांवर रंगवतात आणि मग भिंतीवर वॉलपेपरसारखी चिकटवतात. त्यामुळे शाळेतली मुलं, म्हातारी माणसं, अगदी तुरुंगातले कैदीसुद्धा रंगवू शकतात. परांचीवर चढायला नको.

आणि वादाचं म्हणाल तर इथे चित्रं जपतातही आणि काढूनही टाकतात. ब्रॉड स्ट्रीटवरचं मेग सालिगमन यांचं आठ मजली चित्र १९९८ चं, ते २०११ मध्ये पुन्हा नीट केलं. उलट एका माजी महापौराचं बाजारातलं चित्र २०२० मध्ये लोकांच्या रोषामुळे रातोरात पुसलं. कोणतं ठेवायचं हे रंग ठरवत नाही बरं का.

रंगारी

@आजी_परदेशी, कापडाची युक्ती नामी आहे. ओल असलेल्या भिंतीवर मात्र तेही फुगणार.

वैदर्भी

एवढ्या लांब कशाला? बल्लारशाला मामाकडे जायचं म्हणजे आमच्यासाठी आजोळ. लहानपणी स्टेशन म्हणजे पानाच्या पिचकाऱ्या. मधे काही वर्षं गेलोच नाही. मग गेलो तर चंद्रपूर आणि बल्लारशा दोन्ही स्टेशनांवर ताडोबा उतरलेला. जिन्याच्या वळणावर वाघ, खांबांवर सांबर, कुठे मोर, कुठे अस्वल. स्थानिक कलाकारांनी केलेलं काम. २०१८ मध्ये रेल्वेच्या सुंदर स्टेशनांच्या स्पर्धेत या दोघांना मिळून पहिलं बक्षीस मिळालं. मधुबनी स्टेशन, तेही मधुबनी चित्रांनी भरलेलं, मदुराईबरोबर दुसरं आलं. मधुबनीला हरवलं म्हणून मामा अजून कॉलर ताठ करतो, जणू वाघ त्यानेच काढलाय.

हो, आणि वाघाच्या चेहऱ्यावर कुणी थुंकत नाही. खांबाच्या मागच्या कोऱ्या बाजूला थुंकतात. तेवढी सुधारणा.

मद्रास_मेल

थोडा विरोधी सूर लावतो. माझी मावशी चेन्नईत असते. तिच्याकडे गेलो असताना कन्नगी नगरला गेलो होतो. शहरातल्या झोपडपट्ट्यांमधून हलवलेल्या आणि त्सुनामीत घर गेलेल्या लोकांची ही पुनर्वसन वसाहत. २०२० च्या सुमारास तिथेही स्टार्टनेच इमारती रंगवल्या. चित्रं अप्रतिम आहेत. पण चित्राखालच्या नळावर बायका कळश्या घेऊन रांगेत होत्या आणि वर हसरा चेहरा. एका पोराशी बोललो. तो म्हणाला, आधी पत्ता सांगितला की लोक नोकरी द्यायला बिचकायचे, आता फोटो काढायला येतात. हे चांगलं की वाईट ते त्यालाही सांगता येईना. लोधी कॉलनी ही मोक्याच्या जागेवरची सरकारी वसाहत, तिथे चित्र म्हणजे शोभा. इथे प्रश्न वेगळा आहे.

डहाणूची_पोर

@मद्रास_मेल +१. पण पत्ता सांगायची लाज गेली असेल तर तेही थोडं नाही. नळ आणि रंग यांतलं एकच निवडा असं कुणी म्हटलंय?

मद्रास_मेल

म्हटलेलं नाही. रंगाला पैसे मिळतात, नळाला मिळत नाहीत, एवढंच.

काळा_कोट

कायद्याची बाजू कुणी काढली नाही म्हणून. (वकील आहे, फी घेत नाही.)

दिल्लीत २००७ चा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा आहे. परवानगीशिवाय दिसत्या भिंतीवर शाई, खडू, रंग काहीही लावलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड. आपल्या महाराष्ट्राचा कायदा १९९५ चा. म्हणजे लोधीतली चित्रं आणि रात्रीत कुणी फवारून गेलेलं नाव यात कायद्याच्या दृष्टीने फरक परवानगीचा आहे, दर्जाचा नाही.

दुसरं, चित्र भिंतीच्या मालकाचं की चित्रकाराचं? भिंत मालकाची, पण कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ ने कलाकाराला काही नैतिक हक्क राहतात. यावरचा गाजलेला खटला दिल्लीचाच. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांनी विज्ञान भवनासाठी १४० फूट लांबीचं ब्रॉन्झचं भित्तिशिल्प केलं होतं. १९७९ मध्ये ते भिंतीवरून उतरवून गोदामात टाकलं गेलं, तुकडे झाले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले अवशेष त्यांना परत करायला आणि पाच लाख नुकसानभरपाई द्यायला सांगितलं. शिल्प रस्त्यावर नव्हतं, इमारतीच्या आत होतं, पण तत्त्व तेच.

म्हणून ताईंच्या भिंतीवर कुणीही उठून "टच-अप" करू नये. रंगारी साहेब अनुभवातून जे म्हणाले त्याला कायद्याचाही टेकू आहे.

टवाळ_टोळ

आणि पांढरा पाइप बसवणाऱ्या प्लंबरवर कलम ५७ लागतं का?

काळा_कोट

प्लंबर मिळाला तर आधी माझ्या घरी पाठवा.

जुना_दिल्लीकर

भावोजी आणि डहाणूची पोर यांच्या बाजूने होतो, पण एका गोष्टीमुळे डगमगलो. दिल्लीहून काही तासांवर शेखावाटी आहे: मंडावा, नवलगढ, फतेहपूर. हवेल्यांच्या बाहेरच्या भिंती चित्रांनी भरलेल्या, देवदेवता, हत्ती, आणि मग आगगाडी, मोटार, साहेब. चेजारा म्हणजे तिथले गवंडी, तेच चित्रकार. ओल्या चुन्यावर रंग लावायचा, म्हणजे रंग भिंतीतच मुरतो. शंभर-दीडशे वर्षांची चित्रं अजून उन्हात उभी आहेत. मालक व्यापारासाठी कलकत्ता-मुंबईला गेले ते गेलेच, हवेल्यांना कुलपं लागली, काही चित्रांवर जाहिराती रंगवल्या गेल्या. "रस्त्यावरचं आहे, जाणारच" असं तेव्हा सगळेच म्हणाले असते तर आज काय पाहिलं असतं? आणि उद्या लोधी कॉलनीच पाडायची ठरली तर? सरोजिनी नगर, नेताजी नगर या सरकारी वसाहतींचा पुनर्विकास झालाच आहे.

रंगारी

चुना आणि अॅक्रिलिक यांची तुलनाच नको. एक भिंतीत जातो, दुसरा भिंतीवर बसतो. अॅक्रिलिकला शंभर वर्षं मागू नका. फोटो नीट काढून ठेवा, मापं लिहून ठेवा, रंगाचे नंबर लिहून ठेवा. मग ज्याने काढलं तो असेपर्यंत पुन्हा काढता येईल.

कोरांटी

सगळ्यांचे आभार. काल ताईला फोनवर हा धागा वाचून दाखवला. वारलीचं ऐकून भावोजी मागून ओरडले, "बघ!" शेखावाटीचं ऐकून ती म्हणाली, "आता तुम्ही बघा!" मग रंगारींचा ओलीचा प्रतिसाद वाचला तर दोघंही गप्प, कारण भिंतीच्या आतल्या बाजूला, ओट्याखाली, त्याच उंचीपर्यंत पोपडे आहेत. ताईचा ताजा निर्णय: चित्राचं नंतर बघू, आधी ओल काढा, माझे डबे खराब होतात.

वैदर्भी

फेब्रुवारीत दिल्लीला चुलत बहिणीकडे जातोय. कसं जायचं, कधी जायचं?

कोरांटी

@वैदर्भी, मेट्रोने जोरबाग किंवा जवाहरलाल नेहरू स्टेडियम, तिथून चालत किंवा रिक्षाने. खन्ना मार्केटपासून सुरुवात करून आडव्या गल्ल्या घेत मेहरचंद मार्केटपर्यंत या. डाकूची सावली पाहायची तर ऊन वर येऊ द्या, सकाळी लवकर गेलात तर पट्ट्याच दिसतील. २०२५ मध्ये काही भिंती नव्याने रंगवल्यात, त्याही बघा. आणि पायरीवर बसून फोटो काढायचा असेल तर बेल वाजवून विचारा. ताईची असेल तर आधी सिलिंडर आत घ्यावा लागेल.